अहो, गोळी घेतलीत का?

त्या सकाळी अख्ख्या शहराने आपापल्या गोळ्या वेळेवर घेतल्या. ज्यांना कसलाच आजार नव्हता, त्यांनीही काहीतरी शोधून घेतलं. असं काही घडलंच नाही, असं इंटरनेट कंपनीने नंतर कळवलं. कंपनीचा मान राखून आपणही ते घडलं नाही असंच धरू, आणि जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगू.

कंपनीत एक तात्पुरता होता. नोकरी त्याची कायम होती. पण राउटरवर, म्हणजे अख्ख्या शहराला इंटरनेट वाटणाऱ्या यंत्रावर, काहीही दुरुस्त केलं, की "हे तात्पुरतं आहे हं," असं बजावायची त्याला सवय होती. मग ते कधीच कुणी बदलायचं नाही. अशा तात्पुरत्या गोष्टींच्या जिवावर कंपनी कित्येक वर्षं सुखाने चालली होती, आणि त्याचं खरं नाव पगाराचा दिवस सोडला तर कुणाला आठवत नव्हतं.

ग्राहकांच्या जोडण्या हे त्याचं काम. पूर्वी प्रत्येक घराची जोडणी राउटरवर हाताने लिहावी लागायची. आता सगळं डायनॅमिक झालं होतं. राउटरला एक साचा लिहून द्यायचा, त्याला प्रोफाइल म्हणतात. ग्राहकाने घरचा मोडेम चालू केला की राउटर विचारणार, कोण? ओळख पटली की साच्यातून त्याची जोडणी जागच्या जागी तयार. मोडेम बंद झाला की जोडणी पुसली, मागे काही शिल्लक नाही. माणूस आला की खुर्ची मांडायची, उठला की उचलायची. "यात भावनेला जागा नाही," असं तात्पुरता नव्या लोकांना शिकवताना सांगायचा. फक्त एका जोडणीत त्याने ती जागा गुपचूप करून ठेवली होती.

ती जोडणी त्याच्या बाबांची.

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. छापखान्यात त्यांनी जन्मभर प्रुफं तपासली होती आणि निवृत्त झाल्यावरही हात थांबत नव्हता. सकाळी इंटरनेटवर वर्तमानपत्रं उघडायची, चुका काढायच्या आणि संपादकांना पाठवायच्या. संपादकांचं उत्तर येत नसे. बाबा ते 'चूक कबूल' असं समजत.

त्यांच्या रक्तदाबाची गोळी हा बाबांचा विषय नव्हताच, तो आईचा होता. रोज सकाळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो गोळी घेतलीत का?" बाबा वर्तमानपत्राआडून "हो" म्हणायचे आणि मग उठून घ्यायचे. गेल्या वर्षी आई गेली. तिच्याबरोबर तो प्रश्न गेला, आणि प्रश्नाबरोबर गोळीही. एकदा बाबा जिन्यात चक्कर येऊन बसले तेव्हा डॉक्टरांनी आधी त्यांना झापलं, मग तात्पुरत्याला बाजूला घेऊन जास्त झापलं. "पुढच्या वेळी जिन्यात बसणार नाहीत, पडतील," डॉक्टर म्हणाले.

मग तात्पुरता रोज फोन करू लागला. आठवडाभरात बाबांचा पारा चढला.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? परत विचारलंस ना, तर गोळीच घेणार नाही. मुद्दाम घेणार नाही!"

बाबा बोलले की करून दाखवत, हीच तर पंचाईत होती. आता विचारलं तर घेणार नाहीत, आणि विचारलं नाही तर विसरणार. तात्पुरत्याने दोन दिवस डोकं खाजवलं आणि जे त्याला येत होतं ते केलं. त्याने बाबांसाठी एक वेगळं प्रोफाइल लिहिलं. बाबांनी मोडेम लावला की वर्तमानपत्राच्या आधी एक पान उघडायचं:

'अहो, गोळी घेतलीत का?'

खाली दोन बटणं. 'घेतली' दाबलं की इंटरनेट सुरू. 'नाही' दाबलं की पुढचं पान यायचं: 'मग आधी घ्या. मी थांबते.' आणि दहा मिनिटं इंटरनेट बंद. 'थांबते' टाइप करताना त्याचं बोट आधी 'थांबतो'कडे गेलं होतं. पण ते वाक्य त्या घरात पुरुषी आवाजात कधी कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणून त्याने 'थांबते'च ठेवलं.

"कंपनीची आरोग्य योजना आहे, बाबा," त्याने फोनवर सांगितलं. "सगळ्याच ग्राहकांना विचारतात."

"बरं," बाबा म्हणाले. एवढंच.

तेव्हापासून रोज सकाळी तात्पुरता ऑफिसात पडद्यावर बाबांच्या जोडणीकडे बघत बसायचा. बाबा रोज न चुकता आधी 'नाही' दाबायचे. दहा मिनिटं थांबायचे. मग 'घेतली' दाबायचे. "लबाड," तात्पुरता मनातल्या मनात म्हणायचा, "दटावल्याशिवाय घ्यायची नाही म्हणजे नाही." पण हिरवा ठिपका उगवायचा. तो उगवला की तात्पुरता पहिला चहा प्यायचा.

असा महिना गेला आणि एका सकाळी बाबांचा फोन आला.

"काय रे, तुमची ती आरोग्य योजना शेजारच्या पोस्टमनला लागू नाही वाटतं?"

पोस्टमनकाका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत कुणाचं काय चाललंय हे घरोघरी पोहोचवायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

"म्हणजे?" तात्पुरत्याने विचारलं.

"तो म्हणतो, कसली गोळी? मी मोडेम लावला की थेट क्रिकेटचा सामना दिसतो. मग मलाच का विचारतात? माझ्यावर पाळत ठेवलीये का कुणी?"

"नाही हो बाबा, टप्प्याटप्प्याने चाललंय. तुमच्या गल्लीत आज सुरू होणारच होतं."

"आज नाही झालं, तर मी कनेक्शन तोडून टाकतो. वर्तमानपत्र काय, विकतही मिळतं."

फोन ठेवला गेला. कनेक्शन गेलं की पान गेलं, पान गेलं की गोळी गेली, आणि पुढे तो जिना. यातून वाट एकच होती. बाबांची गल्ली राउटरवर ज्या क्रमांकांमध्ये येत होती, त्या सगळ्यांना बाबांचं प्रोफाइल लावून द्यायचं. पाचपन्नास घरं. फार तर पाचपन्नास माणसं गोळ्या घेतील. त्यात वाईट काय?

त्याने लिहायला घेतलं. गल्लीचा क्रमांक कुठून कुठपर्यंत आहे ते चटकन आठवेना, म्हणून त्या जागी त्याने 'कुठलाही' या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकला. नंतर बदलू, तात्पुरतं आहे. असं म्हणून त्याने बदल पक्का केला.

काहीच झालं नाही. आणि इथेच घोटाळा झाला. डायनॅमिक जोडणीचं तसंच असतं. बसलेल्या माणसाची खुर्ची कुणी ओढत नाही. जुना साचा घेऊन बसलेले सगळे तसेच बसून राहिले. नवा साचा लागणार होता तो नव्याने येणाऱ्यांना. तात्पुरत्याने दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं, सगळं शांत आहे अशी खात्री करून घेतली, आणि तो क्रमांक शोधायला कपाटाकडे वळला.

तेवढ्यात शहराची वीज गेली. फार नाही, डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ. दिवे मिचकले, पंखे अडखळले आणि परत फिरू लागले. पण तेवढ्यात शहरातला प्रत्येक मोडेम बंद पडून पुन्हा चालू झाला होता, आणि प्रत्येक मोडेमला राउटर विचारत होता, कोण? आणि लगेच पुढे विचारत होता, अहो, गोळी घेतलीत का?

पहिला फोन हेल्पलाइनवरच्या ताईने उचलला. ताई अशी होती, की ग्राहक कितीही ओरडला तरी तिचा आवाज कोमट पाण्यासारखा राहायचा.

"मॅडम, माझ्या लॅपटॉपवर कुणीतरी बाई मला अहो म्हणतेय," एक माणूस कुजबुजत म्हणाला.

"कोण बाई, सर?"

"तेच तर माझी बायको विचारतेय! ती इथेच उभी आहे. तुम्ही जरा तिला सांगता का, की तुम्ही कंपनीतून बोलताय?"

ताईने सांगितलं. पलीकडून बायकोचा आवाज आला, "म्हणजे ती तूच का?" आणि फोन कट झाला.

मग फोनांची रांगच लागली. एकजण म्हणत होता, मी गोळी घेतली पण हे विश्वासच ठेवत नाही, पुरावा कुठे पाठवू? एक नवी सून म्हणाली, सासूबाईंनी वाचलं आणि आता कसली गोळी, कसली गोळी म्हणून घर डोक्यावर घेतलंय. एका माणसाला आजार काहीच नव्हता, म्हणून तो 'घेतली' असं खोटं दाबायला तयार नव्हता आणि 'नाही' दाबून दाबून कंटाळला होता; शेवटी त्याने खोकल्याची चघळायची गोळी खाल्ली आणि ती चालेल का, असं विचारायला फोन केला.

"चालेल, सर," ताई म्हणाली. चालेल की नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिने ते मनावर घेतलं नाही.

तात्पुरत्याला हे कळलं ते बाबांच्या फोनने.

"अरे, पोस्टमनच्या घरात महाभारत पेटलंय. त्याची बायको विचारतेय, मी तुम्हाला कधी अहो म्हणत नाही, मग ही सटवी कोण? मी मध्ये पडलो, म्हटलं वहिनी, कंपनी आहे. तर म्हणते, तुम्ही गप्प बसा, तुम्ही दोघं मिळालेले आहात!"

"बघा, बाबा," तात्पुरता म्हणाला, "सगळ्यांनाच विचारतात म्हटलं नव्हतं का?" आणि मग त्याच्या लक्षात आलं, की तो अगदी खरं बोलतोय. सगळ्यांनाच. त्याने घाईघाईने राउटरमध्ये शिरायला बघितलं. ऑफिसचा मोडेमही त्याच विजेवर होता. त्याच्या पडद्यावर पान उघडलं: 'अहो, गोळी घेतलीत का?' घाबरलेला माणूस उजवीकडचं बटण दाबतो. उजवीकडे 'नाही' होतं.

'मग आधी घ्या. मी थांबते.'

त्याने कपाळाला हात लावला. जन्मभर आईने त्याला कधी घराबाहेर ठेवलं नव्हतं; ते आज तिने केलं.

त्याच वेळी मॅडम दारात आल्या. मॅडम म्हणजे कंपनीच्या इथल्या प्रमुख. खोटं त्यांना जन्मात बोलता आलं नव्हतं आणि त्यामुळे त्या कुणाला आवडत नसत. मुख्य कार्यालयातल्या साहेबांबरोबर त्यांची भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बैठक चालू होती. वीज मिचकली, साहेब गेले, आणि साहेबांच्या जागी 'अहो' आलं. मॅडमना थायरॉइडची गोळी असायची आणि आज त्या विसरल्या होत्या. त्यांनी प्रामाणिकपणे 'नाही' दाबलं.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास होता. गोळी त्यांनी नुकतीच घेतलेली दिसत होती.

"माझं," तात्पुरता म्हणाला.

"मग काढा."

"दहा मिनिटं आत जाता येणार नाही, मॅडम."

"तुम्हीच लिहिलंत आणि तुम्हालाच जाता येत नाही?"

"ती थांबते म्हणाली, म्हणजे थांबते."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. दहा मिनिटं काढायची होती आणि कुणाशी बोलायचं म्हटलं तर इंटरनेट नव्हतं. त्या दोघांना एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

"अहो म्हणजे कोण?"

"बाबा."

"आणि म्हणतंय कोण?"

तात्पुरत्याने पडद्याकडे बघितलं. "आई. ती आता नाहीये. म्हणजे गेल्या वर्षीपासून." मग तो बोलत सुटला. गोळीचं, जिन्याचं, पोस्टमनकाकांचं, आणि क्रमांकाच्या जागी घातलेल्या त्या एका शब्दाचं. एवढं तो वर्षभरात कुणाशी बोलला नव्हता. मॅडम ग्लासातलं उरलेलं पाणी फिरवत ऐकत राहिल्या.

"वडिलांना हे सांगितलंय तुम्ही? की हे तुमचं आहे?"

"कसं सांगणार? सांगितलं तर घेणं बंद करतील."

"हं," मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "हं." मग त्या उठल्या. "हे घडलेलं नाही. मी साहेबांना तसं कळवते. राउटरवरून सगळं काढून टाका. सगळं म्हणजे सगळं, तुमच्या वडिलांचंही. खोटं सांगायचं तर मागे पुरावा उरायला नको, मला सवय नाही." दारातून वळून त्या म्हणाल्या, "आणि संध्याकाळी लवकर निघा. काय ते तोंडाने विचारा त्यांना."

दहा मिनिटं संपली. तात्पुरत्याने 'घेतली' दाबलं, आत गेला आणि सगळं पुसलं. राउटरवर आईचं काही उरलं नाही. दुपारनंतर सगळं सुरळीत झालं, आणि तरीही ताईचे फोन थांबेनात.

"अहो, ते सकाळचं परत लावा ना," एक म्हातारा आवाज म्हणाला.

"कुठलं, काका?"

"ती विचारत होती ते. मी तीनदा 'नाही' दाबलं, तीनदा विचारलं तिने. चांगल्या घरची होती."

असे बरेच फोन आले. काहीच घडलेलं नसल्यामुळे ताईला त्यांची नोंद करता आली नाही. तिने फक्त सगळ्यांना विचारलं, मग घेतली का गोळी? सगळ्यांनी हो म्हटलं.

संध्याकाळी तात्पुरता बाबांच्या घरी गेला तेव्हा बाबा दार उघडं टाकूनच बसले होते.

"आलास? हत्यारं आणलीस का?"

"कसली हत्यारं?"

"कनेक्शन तोडायची. दुपारपासून पान येत नाहीये. मी बोललो होतो, तोडतो म्हणून. आणि तोडायला कंपनीचा माणूस येतो, एवढं मला माहितीये."

तात्पुरता त्यांच्यासमोर बसला. मनात वाटभर जमवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही वेळेवर आलं नाही. "बाबा, ती योजना नव्हती. ते पान मी लिहिलं होतं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." बाबांनी चष्मा काढला. "अरे, मी जन्मभर प्रुफं तपासली. कंपनी माणसाला 'प्रिय ग्राहक' म्हणते. 'अहो' कुठली कंपनी म्हणते? आणि एक चूकही आहे त्यात."

"चूक?"

"'अहो'नंतर स्वल्पविराम दिलायस. तुझ्या आईच्या बोलण्यात तिथे स्वल्पविराम नव्हता. 'अहोगोळीघेतलीतका.' एका दमात. श्वास कुठे घ्यायची ती?"

तात्पुरता हसला, आणि हसता हसता त्याला रडू आवरेना. बाबा खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखं बघत राहिले.

"मग फोन कशाला केलात? पाळत काय, तोडतो काय. माझा जीव अर्धा झाला."

"महिनाभर वाट बघितली, तू काही बोलतोस का म्हणून. येतोस, फ्रीज भरतोस, आणि जातोस. वर्षभरात तिचं नाव काढलं नाहीस. माझ्याशी नाही, राउटरशी बोलतोस तू तिच्याबद्दल. म्हटलं, तोडतो म्हणालो तर निदान येशील." ते जरा थांबले. "पोस्टमनच्या घरी भांडण होईल हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. तेवढं बेस झालं."

"पण मग गोळी? रोज आधी 'नाही' का दाबायचात? रोज! दटावल्याशिवाय घ्यायचीच नाही का?"

बाबा चष्म्याची काच सदऱ्याला पुसत राहिले, ती स्वच्छ होती तरी.

"गोळी मी मोडेम लावायच्या आधीच घेतलेली असायची."

"मग?"

"'घेतली' दाबलं की ती जाते रे लगेच, आणि बातम्या येतात. 'नाही' दाबलं, की म्हणते, मी थांबते."

तात्पुरत्याने उठून चहा टाकला, आणि आतूनच, न ठरवता, विचारलं, "बाबा, ती चहात आलं किसून घालायची की ठेचून?" बाबा म्हणाले, "ठेचून. आणि आवाज करत. शेजाऱ्यांना कळायला हवं ना, आम्हीपण चहा पितो म्हणून." आणि मग ते दोघं अंधार पडेपर्यंत तिच्याबद्दल बोलत बसले, कुणी दिवा लावायलाही उठलं नाही.

तो निघाला तेव्हा बाबांनी विचारलं, "ते परत नाही का लावता येणार?"

"मॅडमनी काढायला लावलं. आता मॅडमच्या वरचं कुणीतरी हो म्हणायला हवं."

"मग रीतसर जाऊ," बाबा म्हणाले. त्यांनी कोरा कागद घेतला, मान तिरकी केली, आणि उभ्या उभ्या एकही खाडाखोड न करता लिहून त्याच्या खिशात घातलं:

'प्रति, माननीय मुख्य अधिकारी, ग्राहक जोडणी विभाग.

विषय : बंद केलेली विचारणा पुन्हा सुरू करण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार आपला नियमित ग्राहक असून गोळी वेळेवर घेत आहे व यापुढेही घेईल. त्याबाबत विभागाने काळजी करू नये. तथापि विचारणा पूर्ववत सुरू करून त्यातील स्वल्पविराम वगळण्यात यावा, आणि अर्जदाराने "नाही" असे कळविल्यास थांबण्याची सध्याची दहा मिनिटांची मुदत वाढवून बेमुदत करण्यात यावी, ही नम्र विनंती.'